माझे आजोबा टपालवाले, घोड्यावरचे

माझे आजोबा घोड्यावरून टपाल न्यायचे. घाटावरून कोकणात उतरायचं, टप्प्याटप्प्यावर घोडा बदलायचा, थैली मात्र तीच. एवढं सरळ सांगायला मला पन्नास वर्षं लागली.

मला बघायला मंडळी आली होती तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आजोबा काय करायचे?"

"घोड्यावर असायचे," मी म्हटलं.

"अगंबाई, रिसाल्यात?"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पोरगी लाजली. लाजतेय कसली! कॉलेजात जाणाऱ्या बाईसाहेबांना 'टपालवाला' म्हणायला कमीपणा वाटत होता. पुढे सासरच्या गप्पांत आजोबांना बढत्या मिळत गेल्या आणि माझ्या मुलाच्या तोंडून ते थेट जपानला पोचले.

आता मी जपानात फुनाबोरीला मुलाकडे असते. नात तिसरीत आहे. शाळेत पालकांसमोर घरातल्या जुन्या कामाबद्दल चित्र दाखवून बोलायचं होतं. आदल्या दिवशी तिनं मला चित्र दाखवलं. घोडा, फेटा, मिशा आणि हातात ही एवढी तलवार.

"आजी, तुझ्या आजोबांनी किती लोक मारले?"

माझी थाप ही पोर भर वर्गात खरी म्हणून सांगणार होती. संध्याकाळी जेवताना मी बोलून टाकलं, "एकही नाही. ते पत्रं पोचवायचे."

मुलाचा घास हातातच राहिला. "आई! अगं, कावासाकीच्या ऑफिसात मला सामुराई-सान म्हणतात!"

"उद्यापासून पोस्टमन-सान म्हणतील. काही बिघडत नाही."

सूनबाई पदराआड हसायला गेली, पण अंगात टी-शर्ट होता.

"उसोत्सुकी!" नात ओरडली. खोटारडी. एवढं जपानी मला येतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तलवार स्केचपेननं काढलीय. पुसता येत नाही."

मग मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. पावसात आजोबा घोंगडी स्वतःवर न घेता थैलीला गुंडाळायचे. नदी चढली की थैली डोक्यावर बांधून घोड्याबरोबर पोहत जायचे. पुढच्या टप्प्यावर ताजा घोडा तयार राहावा म्हणून लांबूनच शिंग फुंकायचे. आणि त्या थैलीतलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. तरी एक पत्र कधी हरवलं नाही. सांगता सांगता माझाच आवाज चढला. हे असं माणूस मी लपवून ठेवलं होतं!

नातीनं नाक पुसलं आणि तलवारीचं टोक रुंद करून तिचं शिंग केलं. ते तोंडाशी पोचेना, म्हणून मूठ तोंडापर्यंत लांबवली आणि ती धरायला आणखी एक हात काढला. आजोबांना तीन हात झाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तिघं मागे उभे होतो. पोर न अडखळता बोलली. शेवटी एका मुलीनं काहीतरी विचारलं. मुलगा माझ्या कानाशी लागला, "विचारतेय, ते लढाईला का गेले नाहीत?"

नातीनं ताडकन उत्तर दिलं. बाई हसल्या. मी मुलाला कोपरानं ढोसलं.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, त्यांना वेळ नव्हता. लोक पत्रांची वाट बघत होते."