बाई सोडून सगळ्यांना विवेक

चपला काढल्या की जोडी जुळवून ठेवायच्या. चहा पार निवल्यावर प्यायच्या. बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायच्या. पेशंट टेबलावर आली की आधी तिच्या पायांवर चादर ओढायच्या, मग चष्मा लावायच्या. आणि 'सर' म्हणताना हमखास जांभई द्यायच्या.

प्रसूती विभागात या डॉक्टरांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

गर्भपात करणं आपल्या विवेकात बसत नाही, असं पहिल्यांदा विभागप्रमुखांनी कळवलं. त्यांना ते खरंच सोसत नसे. बाईंना त्याचा आदरच होता. पण विवेकवाल्यांना अवेळी कुणी उठवत नाही, हे बाकीच्यांच्या ध्यानात आलं आणि विवेक सर्दीसारखा विभागभर पसरला. उरल्या एकट्या बाई. सगळं काम त्यांच्याच गळ्यात.

मग बाईंनी रजा मागितली. प्रमुखांनी हसतमुखाने दिली. त्या दिवशी काम करणार कोण, हे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

नेमकी त्याच दुपारी तापाने फणफणलेली पेशंट आली. पाचव्या महिन्यातच गर्भाभोवतालचं पाणी गेलेलं, जंतुसंसर्ग अंगभर पसरत चाललेला. मूल वाचणार नाही, आणि गर्भाशय रिकामं केल्याशिवाय आईही वाचणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण मुलाचे ठोके चालू होते, म्हणजे हा गर्भपातच. त्यामुळे डॉक्टर मंडळी हात मागे बांधून, अतिशय नीतिमान चेहऱ्याने पलंगाभोवती उभी होती. नुकतीच रुजू झालेली डॉक्टर तेवढी बाईंना फोन लावत राहिली.

बाई घरच्या कपड्यांतच आल्या. "चिंतन झालं असेल तर सरका जरा."

पेशंट वाचली. अगदी थोडक्यात.

प्रमुख म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं, बाई."

"मी नव्हते, सर. तेच तर म्हणतेय."

मग त्या नव्या डॉक्टरकडे वळल्या. "काय गं, तुलाही विवेक आहे?"

"अजून ठरवलं नाही, बाई."

"सावकाश ठरव. पण आधी काम शिक. येत असून नाही म्हणालीस, तर तुझ्या बाजूने मी भांडेन. ज्याला येतच नाही, त्याने नाही म्हणण्यात कसलं आलंय शौर्य?"

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली, पपईला गर्भाशय मानून. नळी कशी धरायची, मनगट कुठे सैल सोडायचं. पोरीच्या हातून पपई दोनदा फुटली. बाई मनापासून हसल्या.

आठवडाभरात बाईंची बदली लसीकरणाला झाली. त्यांच्या बोलण्याने सहकाऱ्यांचा विवेक दुखावला होता म्हणे.

तोवर पोरीला पपईतल्या बिया अलगद काढता येऊ लागल्या होत्या. रक्त थांबेना तर काय करायचं, हे बाई उद्या शिकवणार होत्या.