टेपचं दुसरं टोक

अंबादासमामा गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचं दिवसकार्यही होऊन गेलं होतं. त्यांची मुलगी लक्ष्मी कॉलेजात आली आणि टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सर, नान्ना गेले. तुमचा नंबर वेळेवर सापडलाच नाही. फोनमध्ये 'टेपवाले सर' असं नाव होतं. आम्हाला वाटलं, कुणी शिंपी असतील." त्यांच्या तेलुगू घरात वडिलांना नान्ना म्हणतात. ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. महिना झाला या गोष्टीला. चारदा लिहायला बसलो आणि उठलो, कारण मामांबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं... आता उठायचाही कंटाळा आलाय.

वीसेक वर्षांपूर्वी ज्यात ते विणकर होते तो भवानी पेठेतला चादरींचा कारखाना बंद पडला, तेव्हा मामा पन्नाशीला आले होते. हौशी नाटकांचे पडदे ओढण्यात उमेदीची वर्षं गेली होती; आता नीट शिकायचं म्हणून त्यांनी नाट्यशास्त्राच्या पदविकेला नाव घातलं. मी तिथे तात्पुरत्या नेमणुकीवरचा तिशीतला मास्तर. वर्गातली पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. मामांनी नेपथ्य घेतलं. विणकराची एकच खोली, त्यातच माग, चूल, अंथरुणं, आणि मागच्या भिंतीत एक खिडकी. "सर, माग चालू असला की बायकोची हाक ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "ती दिसावी लागती. सगळं नाटक त्या खिडकीत हाय बगा." मी पुस्तकांतून जे शिकवत होतो, त्यात इतकं स्वच्छ काही नव्हतं.

मामा रंगमंच सुताने मोजायचे. जाड पिळाचं सूत, हाता-हातावर गाठ, आणि जिथे रंगमंच संपतो तिथे शेवटची लाल गाठ. मी हसलो. "मामा, हा रंगमंच आहे, चादर नाही." पोरं खिदळली, मामाही हसले. माझ्याकडे सभागृहाचा जुना नकाशा होता आणि त्यात रुंदी तीस फूट लिहिलेली. सूत दीड फूट कमी सांगत होतं. "तीनदा मोजलं सर. तुमी या की, दुसरं टोक धरा. पाच मिन्टाचं काम." मी गेलो नाही. पेपर तपासायचेत म्हणालो. खरं तर पोरांसमोर सूत धरून उभं राहायची लाज वाटली. "नकाशाप्रमाणे करा," मी सांगितलं, "आणि ती लाल गाठ सोडून टाका, उगाच घोळ होतो." नकाशा काढल्यानंतर सभागृहाची दुरुस्ती झाली, तेव्हा विजेच्या बोर्डासाठी एका विंगेत लाकडी चौकट ठोकली होती. ती नकाशात नव्हती. मी गेलो असतो तर दिसली असती.

परीक्षेच्या दिवशी भिंत बसेना. बाहेरचे परीक्षक पहिल्या रांगेत बसलेले. जास्तीचा दीड फूट जिथे येत होता तिथेच खिडकी होती. मामांनी करवत घेतली आणि सगळ्यांसमोर ती खिडकी अर्धी कापली. करवतीचा तो आवाज... परीक्षकांनी विचारलं, "मोजमाप कुणी घेतलं?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. मी काही बोलतोय का, एवढंच ते बघत होते. पुढच्या महिन्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती आणि हेच परीक्षक त्या समितीवर होते. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मीच की," मामा म्हणाले. शेरा पडला, 'मोजमापात निष्काळजी', आणि त्याखाली मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. एका हौशी संस्थेने पुढच्या नाटकाचं नेपथ्य त्यांना द्यायचं ठरवलं होतं. ते दुसऱ्याला दिलं गेलं. जाहिरातीत 'नेपथ्य' या शब्दापुढे मामांचं नाव कधीच छापून आलं नाही. मी कायम झालो.

नंतर ते कुंभारीला कामगारांच्या घरकुलात राहायला गेले. तरी माझ्या प्रत्येक नाटकाच्या मोजणीला बसने हजर असायचे, टेपचं दुसरं टोक धरायला. "ताणा की सर, झोल पडतोय." आज सांगू, असं दरवेळी ठरवायचो. टेप गुंडाळली जायची, चहा यायचा, मामा बस गाठायला निघायचे. ते माझ्या कबुलीची वाट बघतायत असं वाटून मला कधीकधी त्यांचा रागही यायचा. हे लिहायला नको वाटतं, पण यायचा.

त्या दिवशी लक्ष्मीने पिशवीतून सुताची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. "नान्ना म्हणायचे, आमच्या सरांचं सगळं चांगलं, फक्त मोजायचा आळस. म्हणून मी जातो." आणखी काही म्हणाले का, मी विचारलं. "नाही. दुसरं काय म्हणणार?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. "आम्ही त्यांना चिडवायचो, सर," ती म्हणाली. "घरात काही मोजायचं असलं की म्हणायचो, नान्नांना नका सांगू, ते निष्काळजी आहेत." मागवलेला चहा तसाच ठेवून ती गेली.

त्याच संध्याकाळी मी सभागृहात गेलो. पलीकडे धरायला कुणी नव्हतं, म्हणून सुताचं एक टोक विंगेतल्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं ताणत चालत गेलो. सूत लाकडी चौकटीला टेकलं आणि माझ्या बोटांत लाल गाठ आली. मामांनी ती सोडली नव्हती.