मागे न जाणारी गाडी

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहायचे. त्यांची जुनी, जीपसारखी दांडगी गाडी पुढे झकास पळायची, पण तिचा रिव्हर्स गिअर काही केल्या पडत नसे. त्यामुळे रोज सकाळी ती पार्किंगमधून मागे ढकलून काढावी लागे. आयटी कंपनीची बस गाठायला निघालेला जो दिसेल त्याला काका खिडकीतून हाक मारत, "अहो इंजिनिअर, हात लावा. नुसता माउस हलवून दंडात ताकद येत नाही."

"काका, गिअरबॉक्स उघडून घ्या की एकदा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला मागे जायची हौस नाही."

एरवी आमची दारं बंदच. बॉनेटला खांदा लावला की मात्र कुणाचा व्हिसा आला, कुणाच्या बाळाला दात आला, सगळं कळायचं. मग काकूंचा चहा आणि बससाठी पळापळ.

एका रविवारी दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. खाली काका एकटेच येऊन गाडीत बसले. मागचा पांढरा दिवा लागला आणि गाडी आपली आपण अलगद मागे आली. म्हणजे गिअरबॉक्स दुरुस्त झाला होता! आनंद व्हायचा सोडून मी काळजीत पडलो. आता उद्यापासून कोण कुणाला भेटणार?

सोमवारी खाली उतरलो, तर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून काका तयार. "अहो, हात लावा!" सगळे लागले. मीही त्यांच्याकडे बघत बॉनेटला खांदा लावला.

"काल बाल्कनीत होतात ना?" ते हळूच म्हणाले. "मग तुम्ही जरा जास्त जोर लावा."