वरच्या आळीची आठ मिनिटं

गावात चार आळ्या, एक टाकी आणि पाणी सोडणारा एकच माणूस. त्याला सगळे पाणीआप्पा म्हणत. सकाळी सहाला तो कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा. प्रत्येक आळीच्या तोंडाशी जमिनीत एक झाकण होतं. ते उचलायचं, चावी आत घालायची, नऊ फेरे फिरवायचे आणि चाळीस मिनिटांनी तेवढेच उलटे. घड्याळ मात्र तो लगेच बघत नसे. आधी वाकून नळात पाणी शिरल्याचा आवाज ऐकायचा, मग वेळ धरायचा. रिकाम्या नळातली हवा मोजून तिला पाणी म्हणायचं, हे त्याला पटत नसे.

आप्पा स्वतः राहायचा वरच्या आळीत. तिथे पाणी कायम कमी पडायचं. दोष चढाचा, यावर गावाचं एकमत होतं. पाणीसुद्धा चढाला दमतं, असं म्हणून लोक हसायचे, आणि आळीतल्या बायका कमी पडलेलं पाणी खालून बादल्यांनी वाहून आणायच्या. त्यांत आप्पाची बायकोही असायची.

खरं काय ते एकट्या आप्पाला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी चावी हातात आली त्याच आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी सहज म्हणून गेलं, की आता काय, वरच्या आळीची चैन आहे. तोंडाला साबण फासलेला, त्यामुळे आप्पाला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या सकाळी त्याने वरच्या आळीचं पाणी बत्तिसाव्या मिनिटाला बंद केलं. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच मनात होतं. पुढे ते अंगवळणी पडलं. ती आठ मिनिटं कुणाच्याच घरी जात नसत, टाकीतच राहत. पण आप्पाला त्यांचा आतल्या आत थोडा अभिमान होता.

या वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. वरच्या आळीसाठी वेगळी मोटर बसवावी, रस्ता उकरून नवा नळ टाकावा, असा अर्ज गावसमितीपुढे आला. प्रत्येक घरातल्या एकाने चार दिवस खणायला यायचं. रविवारी सभा ठरली.

शुक्रवारी दुपारी शेजारची शिवणकाम करणारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिची सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. रोजच्या चादरी धुवायच्या म्हणजे पाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मशीनवर बसल्या बसल्या तिने पंधरा दिवस घड्याळ पाहिलं होतं, आणि मधल्या आळीतल्या बहिणीलाही पाहायला लावलं होतं. तिकडे चाळीस, इकडे बत्तीस.

"चढामुळे पाणी बारीक येईल, भाऊजी," ती म्हणाली. "लवकर कसं जाईल?"

आप्पाने काही लपवलं नाही. साबणासकट सगळं सांगितलं. ती हसेल, निदान समजून घेईल, असं त्याला वाटलं होतं.

"तुमच्या एका घराचं कमी केलं असतंत, तर मी तुमच्या पाया पडले असते. बाकीच्या सोळा घरांना कुणी विचारलं होतं?"

सभेत आपण तोंड उघडणार नाही, काय ते तुम्हीच ठरवा, असं सांगून ती गेली.

दोन दिवस आप्पाला अन्न गोड लागेना. गप्प राहणं सोपं होतं. मोटर बसली की गुपचूप चाळीस मिनिटं द्यायची, गाव मोटरीचं कौतुक करील आणि आपलं नाव शाबूत राहील. पण त्या नावापायी सगळ्या गावाने चार दिवस कुदळ मारायची?

सभा शाळेच्या लांब खोलीत होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आप्पा उठला आणि म्हणाला, "मोटर नको. चढाचा काही दोष नाही, माझा आहे."

त्याने सांगायला सुरुवात केली तशी खसखस पिकली. चोर पुष्कळ पाहिले, पण आपल्याच घरी डल्ला मारणारा आजच पाहिला, असं खालच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला. त्याला साथ देणारं हसू वरच्या आळीच्या बाकांवर मात्र उमटलं नाही. तिथल्या बायका आप्पाकडे नुसत्या बघत होत्या. शिवणवाली मान खाली घालून पदराचा निघालेला धागा ओढत होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, चावी दुसऱ्या कुणाला द्यायची का? द्या, आप्पा म्हणाला. कुणाचा हात वर गेला नाही. रोज सकाळी सहाला निघायची कुणाची तयारी नव्हती, हेही त्याचं एक कारण असेल.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"मला तरी सांगायचंत," ती म्हणाली. "निदान कशासाठी वाहतेय ते कळलं असतं."



सोमवारी वरच्या आळीच्या तोंडाशी बत्तीस मिनिटं झाली आणि त्याचा हात आपसूक चावीकडे गेला. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले. चौतिसाव्या मिनिटाला दूधवाला सायकलवरून आला. बिचारा बाहेरगावचा, सभेचं त्याला काही ठाऊक नव्हतं. एक पाय टेकून त्याने हसत विचारलं, "काय आप्पा, आज आपल्या आळीला जास्त?"

अकरा वर्षं आप्पा याच प्रश्नाला भीत आला होता. सगळी हकीकत ओठांवर आली. सांगितली असती तर दूधवाल्याने वाहवाच केली असती.

"सहा मिनिटं राहिलीत अजून," आप्पा म्हणाला, आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.