चावी माझ्यापाशी होती

"तू खाली बस. तुझं काम घंटा वाजवायचं. देव काय बोलतो ते ऐकायला आम्ही आहोत."

भर उपासनेत, देवाचा अनुभव उठून सांगायच्या साक्षीच्या वेळी, पंचमंडळीचे सेक्रेटरी मला हे बोलले. मी उभा होतो. टोपी हातात. मागं कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी गीतांच्या पुस्तकाचं पान उलटलं. मी खाली बसलो.

जालन्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मी सेवक. झाडलोट, घंटा, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाच्या पेल्या धुणं, दफनभूमीच्या फाटकाची चावी सांभाळणं. उभी हयात त्यात गेली. सेक्रेटरी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मला अरेतुरे करायचे. त्यांच्या घरचा दळणाचा डबाही मी गिरणीत नेला. ते माझं काम नव्हतं. तरी नेला.

त्या रविवारी मला काय सांगायचं होतं ते आज लिहितो. मंडळीच्या वहीत वेगळं लिहिलेलं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.

कुंभार पिंपळगावकडची एक विधवा आमच्या मंडळीत होती. शांताबाई. लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. तिच्या लेकीनं एका हिंदू पोराशी देवळात लग्न केलं. शांताबाई लग्नाला गेली, अक्षता टाकल्या, जेवून आली. पंचांनी तिचं प्रभुभोजन बंद केलं. मंडळीपुढं उभं राहून माफी माग म्हणाले.

ती म्हणाली, "लेकरावर तांदूळ टाकले, धोंडे न्हाई टाकले. माफी कशाची?"

ती येत राहिली. शेवटच्या बाकावर बसायची. पेल्यांचं ताट तिच्यापाशी आलं की माघारी वळायचं. पेल्या भरणारा मी. एक कमी भरायचो. मला म्हणायची, "भाऊ, माझ्यामुळं तुमचं एक पेली धुणं वाचलं बघा." आणि हसायची.

मग ती वारली. मे महिन्यातली दुपार. लेक टेम्पोत आईला घेऊन थेट दफनभूमीच्या फाटकावर आली. मी सेक्रेटरींना फोन लावला.

"उघडायचं नाही. देवाच्या घराला शिस्त आहे. त्याचीच इच्छा आहे ही."

मी तेच लेकीला सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"मामा, चावी तुमच्यापाशीच हाय ना?"

"हाय."

"मंग?"

चावी खिशात होती. मांडीला टोचत होती. मी म्हणालो, "पंचांना इचारावं लागतं, बाई."

टेम्पो तासभर उन्हात उभा राहिला. मग गेला. जावयाच्या माणसांनी आपल्या शेताच्या बांधावर तिला जागा दिली. आमच्या शांताबाईला माती त्यांनी दिली.

वहीत सेक्रेटरींनी लिहिलं, "नातेवाइकांच्या इच्छेनुसार अन्यत्र दफन." म्हणाले, सही कर. केली.

मला लहानपणापासून वाटायचं, देवाचा आवाज मोठा असणार. वरून येणार. शुद्ध बोलणार, सेक्रेटरींसारखा. त्या दुपारनंतर पेल्या धुताना, अंगण झाडताना एकच शब्द कानात यायचा. मंग? त्या पोरीच्या आवाजात. पाळकसाहेबांना सांगितलं. म्हणाले, प्रार्थना वाढवा. वाढवली. आवाज गेला नाही. नवीन काही सांगेनाही. हळूहळू उमगलं, सांगायचं होतं ते फाटकावरच सांगून झालं होतं. देव माझ्याशी बोलला, आणि मी त्याला पंचांची परवानगी आणायला लावली.

हे सांगायला मी साक्षीला उभा राहिलो होतो. बस म्हटलं, बसलो. दुसऱ्यांदा तेच केलं.

त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्यातला एक म्हातारा शिंपी वारला. पंचांशी भांडून दुसरीकडं प्रार्थनेला जायचा. सेक्रेटरींचा फोन आला, "फाटक उघडू नकोस."

"साहेब, मी उघडून राह्यलो."

"कुणाच्या परवानगीनं?"

"चावी माझ्यापाशी हाय."

"उद्यापासून येऊ नकोस कामावर."

"बरं."

फाटकावर गेलो. कुलूप लवकर निघेना. निघालं. शिंप्याला माती मिळाली. मला काही हलकं वाटलं नाही. शांताबाई अजून त्या बांधावरच आहे, आणि तिथं कुलूप नसतानाही मी एकदाही गेलो नाही.

आता जाणार आहे. तिच्या लेकीला हा कागद आधी वाचून दाखवीन. ती दारातून हाकलेल, तर हाकलू दे. मग रविवारी साक्षीच्या वेळी मंडळीत वाचीन. शांताबाईच्या बाकाजवळ उभा राहून. वहीतली माझी सही खोटी आहे, हे सगळ्यांसमोर सांगीन.

ते म्हणतील, खाली बस.

गुडघे गेलेत माझे. फार वेळ उभं राहवत नाही. पण कागद संपेपर्यंत बसणार नाही.