वीस मिनिटांच्या आत
काकूंचा सगळा संसार वीस मिनिटांत मावत होता. काकांकडे शहरातल्या सर्वांत मोठ्या कापडदुकानाच्या अडीअडचणीसाठीच्या किल्ल्या असत. अलार्म वाजला की वीस मिनिटांत काका दारात हजर पाहिजेत, असा नियम. एकोणीस वर्षांत अलार्म नऊदा वाजला, त्यातून सातदा कबुतरांमुळे. नियम काकांचा, पण दावं काकूंच्याही गळ्यात. कुठलंही बोलावणं आलं की काका आधी घड्याळाकडे बघायचे.

काकूंच्या थोरल्या बहिणीचं गाव बसने पाच तासांवर. यंदा दिवाळीनंतर तिच्या मुलीचं लग्न झालं, तेही काकूंनी फोटोतच पाहिलं. सहा वर्षं भेट नव्हती आणि आता बहिणीची नजर जात चालली होती. "अजून माणसाचं तोंड दिसतंय गं थोडंफार," ती फोनवर म्हणाली. "यायचं तर आत्ता ये."

काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. शेवटी काकांनी हिवाळ्याच्या सुट्टीपुरत्या किल्ल्या नव्या मॅनेजरच्या हाती दिल्या. मुलगी सासरी पाठवतानाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

बस चारची, दिवसातली शेवटची. दोघं अडीचलाच बाहेर पडली, म्हटलं बाजारातून रमतगमत जाऊ. सुट्टीमुळे दुकानं बंद होती, पण काचांमागे दिवे लावलेले. हिवाळ्यातल्या मऊ उन्हात माणसं मफलर गुंडाळून, हातात कॉफीचे ग्लास घेऊन उगाचच हिंडत होती. काकूंनाही उगाचच हिंडायचं होतं. त्या काचेतले कोट बघत होत्या, काका काचेखालची कुलपं.

"अहो, वर बघा जरा. दिवे किती छान लावलेत!"

"त्या घड्याळवाल्याचं शटर बोटभर वर राहिलंय."

"राहू दे. त्यालाही बायको असेल, ती देईल आठवण करून."

काका हसले, पण चौकात येताच डावीकडे वळले. "इथून जवळ पडतं." जवळ बिवळ काही नव्हतं, त्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. काकूंनी अडवलं नाही, तिथेच चुकलं. काकांनी सवयीने शटरला हिसडा दिला, एकदा, मग खात्रीसाठी जोरात, आणि अलार्मने सगळा रस्ता डोक्यावर घेतला.

लोक थबकून बघू लागले. काकांचा हात किल्ल्यांसाठी रिकामी कंबर चाचपत राहिला.

मॅनेजर धावत आला, घरातल्या कपड्यांवर. त्याने खिशातून फोन काढला, बोट टेकवलं. आवाज बंद.

"किल्ल्या?" काकांनी विचारलं.

मॅनेजर ओशाळला. "काका, ते सगळं उन्हाळ्यातच बदललं. आता फोनवरच उघडतं. मालकसाहेब म्हणाले, काकांना सांगू नका, मनाला लावून घेतील."

उन्हाळ्यात! म्हणजे भाचीच्या लग्नाला जाता आलं असतं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना काकांच्या मनाची केवढी काळजी. काकूंच्या मनाचं कोणाला पडलं होतं?

मॅनेजर गेला. पावणेचार झाले होते. "चला," काकू म्हणाल्या. "आता तर कोणी बांधून ठेवलेलं नाही."

काका पायरीवर बसले. "तू हो पुढे. फोनचा काय भरवसा? बॅटरी उतरली तर?"

"अहो!"

"तिकडे सगळे विचारतील, किल्ल्या कोणाकडे ठेवून आलात? काय सांगू मी?"

काकूंना त्यांचा राग आला आणि कीवही, दोन्ही एकदम. त्यांनी काकांचा मफलर नीट केला, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. इतक्या वर्षांत एकटीने प्रवास केला नव्हता.

बस शहराबाहेर पडली तेव्हा बहिणीचा फोन आला. "निघालात ना दोघं?"

"मी निघालेय."

"आणि ते?"

"त्यांना नाही गं जमलं. आज सुट्टी ना, सगळं दुकान त्यांच्याच भरवशावर आहे."