गुळगुळीत साहेबांचा पूल

पुलांची देखभाल करणाऱ्या खात्यात त्यांना सगळे 'गुळगुळीत साहेब' म्हणत, आणि साहेबांना ते कौतुक वाटे. खड्डा, भेग, खाच असलं काही त्यांच्या डोळ्यांना सोसायचंच नाही. घरी भिंतीला ओल आली, तर ती कुठून आली हे बघायच्या आधी ते तिथे कपाट सरकवत. "आणखी दोन कपाटं आणा, म्हणजे सगळं घरच झाकून होईल," बायको म्हणायची.

बाजाराच्या रस्त्यावरचा जुना काँक्रीटचा पूल ताब्यात आल्यावर त्यांनी हीच अक्कल तिथे पाजळली. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. उन्हाने पूल पसरतो, थंडीने आकसतो, त्याला तेवढी जागा लागते. पण त्या फटीवरून जाताना साहेबांच्या कंबरेला गचका बसे. झालं! फट डांबराने बुजवली. दर वर्षी जुन्या थरावर नवा थर चढत गेला आणि पावसाचं पाणी निघून जायची भोकं त्याखाली गाडली गेली. रस्ता असा गुळगुळीत झाला की लोकांनी साहेबांचा सत्कार केला, आणि साहेबांनी लांबलचक भाषण ठोकलं.

पाण्याला भाषण कळत नाही. वाट बंद झाली तसं ते काँक्रीटमध्ये मुरलं आणि आतल्या सळयांना जाऊन भिडलं. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की अंगावरचं काँक्रीट आतून ढकलून फोडते. वरून कीर्तन, आतून तमाशा!

त्याच पुलाखाली साहेबांच्या थोरल्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं. लोकांचे कपडे इस्त्री करकरून तिनेच या भावाला शिकवलं होतं. एक दिवस गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर वरून तांबडं पाणी ठिबकलं.

तिने भावाला गाठलं. "अरे, गंजाचं पाणी गळतंय बघ. परवा काँक्रीटचा कपचाही पडला."

"पूल भक्कम आहे, ताई. तू टेबल जरा सरकव."

"सरकवत सरकवत रस्त्यावर आले की रे मी! उद्या डोक्यात पडलं म्हणजे?"

किती सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. अखेर साहेब हलले, पण माणसांना रंगाच्या बादल्या घेऊन पाठवायला. पुलाच्या पोटाला, डागांसकट आणि भेगांसकट, पिवळसर रंग फासला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! भेगा दिसेनात, म्हणजे साहेबांच्या लेखी त्या बुजल्याच.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. बहिणीने तो रंग पाहिला आणि तिला धीर आला. 'भावाने स्वतः लक्ष घातलंय, आता काळजी नाही,' असं म्हणून तिने टेबल पुन्हा पहिल्या जागी आणलं.

पंधरवडाही झाला नसेल. भर दुपारी वरून एक जड ट्रक गेला आणि पुलाच्या पोटाचा पाटाएवढा तुकडा, नव्या रंगासकट, टेबलावर कोसळला. बहिणीचा उजवा हात त्याखाली सापडला. या हाताने आता इस्त्री उचलणं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

साहेब दवाखान्यात पोचले ते संध्याकाळी, आधी पुलावर चक्कर मारून. खाटेशी उभे राहून म्हणाले, "ताई, मी आत्ताच पाहून आलो. रस्त्याला साधा तडासुद्धा गेलेला नाही."

बहिणीने बँडेजमधला हात छातीशी ओढून घेतला.

"मी खाली होते रे," ती म्हणाली.